नव्या लॅपटॉपवर जुनी विंडोज: सेटअप मध्येच कोसळतो तेव्हा काय पाहावे

ठाण्यातील वागळे इस्टेट आणि नवी मुंबईतील रबाळे, महापे, तुर्भे या औद्योगिक पट्ट्यात अशी बरीच यंत्रे अजून रोज चालतात, ज्यांचे सॉफ्टवेअर विंडोज ७ च्या किंवा अगदी विंडोज एक्सपीच्या काळातच थांबलेले आहे. यंत्र धडधाकट असते, पीएलसीचा (यंत्र चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकाचा) प्रोग्रामही व्यवस्थित असतो, फक्त त्याला जोडला जाणारा जुना लॅपटॉप एके दिवशी बंद पडतो आणि मालक नवा लॅपटॉप आणून त्यावर जुनी विंडोज टाकायला सांगतो. नौपाड्यातील एखाद्या डीटीपीवाल्याची अडचणही याच जातीची असते, कारण जुन्या मराठी फाँटचे डोंगल (परवान्याची यूएसबी चावी) नव्या विंडोजला ओळखता येत नाही आणि त्या फाँटमध्ये केलेल्या सगळ्या फाइली अडकून पडतात.

अशा वेळी सेटअप अर्ध्यावर कोसळला की बहुतेक जण तोच पेनड्राइव्ह लावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. त्याने काहीही साधत नाही. काही न बदलता केलेला दुसरा प्रयत्न पहिल्यासारखाच फसतो, आणि समजा तो चुकून यशस्वी झालाच तर रॅम किंवा डिस्क खराब असल्याची शंका अधिक बळावते. विंडोजचा सेटअप ही बाहेरून एकसलग क्रिया वाटत असली, तरी तिच्यात लॅपटॉपचा ताबा एकामागून एक तिघांकडे जातो, आणि तो नेमका कोणाच्या हाती असताना गाडी अडली हे पाहिले की कारणाचा अर्ध्याहून अधिक शोध तिथेच संपतो.

त्याआधी एक प्रश्न विचारून घ्यावा: जुनी विंडोज थेट लॅपटॉपवरच हवी आहे का? विंडोज १० किंवा ११ च्या आत व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे संगणकातल्या आभासी संगणकात (व्हर्च्युअल मशीनमध्ये), विंडोज ७ किंवा एक्सपी चालवता येते, यूएसबी डोंगल आणि यूएसबी-सिरियल केबल त्यात जोडता येतात, आणि या लेखात पुढे येणाऱ्या जवळजवळ सगळ्या कटकटी टळतात. डीटीपीच्या कामाला हा मार्ग बहुधा पुरतो. यंत्राशी काटेकोर वेळेत देवाणघेवाण करणारे सॉफ्टवेअर असेल किंवा खास कार्ड बसवलेले असेल, तरच थेट बसवण्याच्या फंदात पडावे.

सुरुवात करण्यापूर्वी

लॅपटॉपमधील सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्यावा, हे सांगण्याची गरज नाही. सांगण्याची गरज आहे ती बिटलॉकरबद्दल, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीबद्दल. विंडोज १० आणि ११ असलेल्या पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कचे एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत सुरू झालेले असते. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेली सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय, बंद केले किंवा डिस्कचा मोड बदलला, की पुढच्या वेळी यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागते, आणि ती हाताशी नसेल तर डिस्कवरचा डेटा गेल्यात जमा असतो. म्हणून बायोसला हात लावण्यापूर्वी ती की मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवावी. बायोसच्या मूळ सेटिंगच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर फोटो काढावेत. परतीची वाट त्याच फोटोंवरून सापडते.

मूळ डीव्हीडीवरून किंवा तिच्या आयएसओवरून (संपूर्ण डीव्हीडीची एकाच फाइलीतली प्रत) पेनड्राइव्ह तयार करताना फाइल अखंड आहे की नाही हे हॅश, म्हणजे फाइलीवरून निघणारा ठशासारखा आकडा, मूळ आकड्याशी पडताळून पाहावे. विंडोजमधील सर्टयुटिल या आज्ञेने एसएचए-२५६ हॅश निघतो आणि दोन मिनिटांत खात्री होते. कुठल्या तरी संकेतस्थळावरून उतरवलेली, कुणी तरी ‘सुधारलेली’ आयएसओ वापरू नये. तिच्यात काय घातले आहे आणि काय काढले आहे हे ठाऊक नसेल, तर पुढे येणाऱ्या कोणत्याही चुकीचा अर्थ लावता येत नाही.

नेमके कुठे कोसळते

पहिल्या टप्प्यात लॅपटॉपचे फर्मवेअर, म्हणजे बायोस किंवा यूईएफआय, पेनड्राइव्हवरील फाइली वाचून मेमरीत भरते. पडद्यावर फाइली लोड होत असल्याची पांढरी पट्टी सरकत असते. इथे अडले तर दोष पेनड्राइव्हमध्ये, फाइलींमध्ये किंवा बूट मोडमध्ये असतो. ड्रायव्हरचा (विंडोजला एखादा भाग हाताळायला शिकवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा) संबंध अजून आलेलाच नसतो.

दुसऱ्या टप्प्यात बूट.विम या फाइलमधील छोटी विंडोज मेमरीतून सुरू होते. रंगीत ठिपके एकत्र येऊन बोधचिन्ह तयार होते, मग भाषा विचारणारा चौकोन, मग डिस्क निवडण्याचे पान. ही छोटी विंडोज आता फर्मवेअरवर अवलंबून राहत नाही, ती स्वतःच्या ड्रायव्हरांनी डिस्क आणि यूएसबी हाताळू पाहते.

तिसऱ्या टप्प्यात इन्स्टॉल.विम या फाइलमधून डिस्कवर उतरवलेली खरी विंडोज पहिल्यांदा बूट होते. हा टप्पा पहिल्या रिस्टार्टनंतर सुरू होतो. बूट.विम आणि इन्स्टॉल.विम या स्वतंत्र फाइली आहेत आणि प्रत्येकीत ड्रायव्हरांचा आपापला साठा असतो. दुसऱ्या टप्प्यात व्यवस्थित दिसणारी डिस्क रिस्टार्टनंतर नाहीशी होते आणि निळा पडदा येतो, त्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच असते: ड्रायव्हर एकीत घातला आणि दुसरीत घालायचा राहिला.

निळा पडदा क्षणभर चमकून यंत्र रिस्टार्ट होत असेल, तर बूट होताना एफ८ दाबून येणाऱ्या यादीतून बिघाडानंतरचा आपोआप रिस्टार्ट बंद करण्याचा पर्याय निवडावा. तेवढी उसंत मिळत नसेल तर मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढावा आणि थांबवून कोड वाचावा. सेटअपच्या खिडक्या दिसत असताना काही चुकले, तर शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबावे. काळी कमांड खिडकी उघडते. तिथून पँथर नावाच्या फोल्डरमधील सेटअपएरर.लॉग आणि सेटअपअ‍ॅक्ट.लॉग या फाइली नोटपॅडने वाचता येतात. त्यांतील शेवटच्या दहा-पंधरा ओळी पडद्यावरच्या संदेशापेक्षा बहुधा अधिक खरे बोलतात.

पेनड्राइव्हवरून सुरू झालेल्या सेटअपला तोच पेनड्राइव्ह सापडत नाही

विंडोज ७ बाजारात आली २२ ऑक्टोबर २००९ रोजी. यूएसबी ३.० साठी लागणारा ड्रायव्हर तिच्यात नाही, आणि एनव्हीएमई एसएसडीसाठीचाही (नव्या लॅपटॉपमधील वेगवान डिस्कसाठीचाही) नाही. २०१५ पर्यंत हे फारसे जाणवत नव्हते, कारण इंटेलच्या चिपसेटमध्ये जुन्या यूएसबी २.० चा कंट्रोलरही सोबत असे. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून तो काढून टाकला गेला आणि लॅपटॉपचा प्रत्येक यूएसबी पोर्ट, अगदी काळ्या रंगाचासुद्धा, नव्या कंट्रोलरवर गेला.

त्यामुळे घडते ते असे. फर्मवेअर पेनड्राइव्ह वाचते, पट्टी भरते, बोधचिन्ह येते, भाषेचा चौकोन उघडतो. इथपर्यंत सगळे सुरळीत. मग यूएसबी माउसचा लाल दिवा विझतो. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड मात्र बहुधा चालू राहतो, कारण तो आतून जुन्या पीएस/२ पद्धतीने जोडलेला असतो. टचपॅडची खात्री देता येत नाही. टॅब आणि एंटरने पुढे गेले की सेटअप सांगतो, सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नसतो, त्यामुळे समोरचा माणूस चक्रावून जातो. सेटअपला म्हणायचे असते एवढेच, की ज्या पेनड्राइव्हवरून मी सुरू झालो तो आता मला दिसत नाही.

उपाय करायचा तो लॅपटॉपवर नव्हे, पेनड्राइव्हवर. दुसऱ्या चालू संगणकावर आयएसओतील सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये काढाव्यात, चिपसेटला जुळणारा यूएसबी ३.० चा विंडोज ७ साठीचा ड्रायव्हर मिळवावा, आणि डिझम या विंडोजच्या आज्ञेने बूट.विम माउंट करून (फोल्डरसारखी उघडून) त्यात तो घालावा. बूट.विममध्ये दोन प्रतिमा असतात. सेटअप दुसरीतून चालतो, पण ड्रायव्हर दोन्हींत घातलेला बरा. त्यानंतर इन्स्टॉल.विममधील आपल्याला हवी ती आवृत्ती माउंट करून तिच्यातही तोच ड्रायव्हर घालावा. प्रत्येक वेळी बदल कायम करून अनमाउंट करण्यास विसरू नये, नाहीतर केलेले सगळे वाया जाते. ड्रायव्हर ३२ बिटचा की ६४ बिटचा हे विंडोजच्या आवृत्तीशी जुळलेच पाहिजे.

एनव्हीएमई डिस्कसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ सर्व्हिस पॅक १ करता केबी२९९०९४१ हा हॉटफिक्स (एका ठरावीक दोषावरची दुरुस्ती) काढला होता. तो घातल्यावर काही यंत्रांवर ०एक्स७ई हा निळा पडदा येई, म्हणून पाठोपाठ केबी३०८७८७३ आला. दोन्ही एकत्र घालावेत आणि तेही दोन्ही विम फाइलींत. लॅपटॉपमध्ये साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडी बसवण्याची जागा असेल तर त्या खटाटोपापेक्षा स्वस्तातली साटा एसएसडी घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तिच्यासाठीचा एएचसीआय (साटा डिस्क हाताळण्याच्या नेहमीच्या मोडचा) ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये मुळातच आहे.

आणखी एक अडसर सह्यांचा. अलीकडचे ड्रायव्हर एसएचए-२ पद्धतीने सही केलेले असतात आणि मूळ विंडोज ७ ला ती सही ओळखता येत नाही. केबी४४९०६२८ आणि त्यानंतर केबी४४७४४१९ हे २०१९ चे दोन अपडेट याच क्रमाने घातले की ती सही ओळखली जाते. ड्रायव्हर बरोबर असूनही बूट होताना फाइलीची डिजिटल सही पडताळता आली नाही असा काळा पडदा येत असेल, तर आधी इकडे पाहावे.

बोधचिन्हावर थिजणे

रंगीत ठिपके एकत्र येतात किंवा येता येता थांबतात, आणि अर्धा तास वाट पाहूनही पुढे काही हलत नाही. निळा पडदा नाही, कोड नाही. हे जवळजवळ नेहमी यूईएफआय मोडमध्ये घडते. विंडोज ७ ची ६४ बिट आवृत्ती यूईएफआयमधून बूट होते खरी, पण पडद्यावर चित्र काढण्यासाठी ती जुन्या बायोसमधील व्हिडिओ सेवेचा आधार घेते. फर्मवेअरमध्ये सीएसएम नावाचा पर्याय चालू असेल तर ती सेवा मिळते, नसेल तर सेटअप तिथेच थिजतो. म्हणून बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करावे, सीएसएम किंवा लेगसी सपोर्ट (जुन्या बायोसच्या पद्धतीने चालण्याची सोय) चालू करावा आणि पुन्हा पाहावे.

हा पर्याय बायोसमध्ये शोधूनही सापडत नसेल, तर लॅपटॉपच्या वयाचा विचार करावा. २०२० पर्यंत जुन्या बायोसचा आधार काढून टाकण्याचा इरादा इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केला होता, आणि त्यानंतरच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये सीएसएम नाहीच. अशा यंत्रावर विंडोज ७ बसवण्याच्या आडवाटा आहेत, पण कारखान्यात रोज लागणाऱ्या लॅपटॉपवर त्या वापरू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

इथे एक साखळी लक्षात घ्यावी. जुन्या यंत्राचे सॉफ्टवेअर १६ बिटचे असेल तर ते ६४ बिट विंडोजवर चालत नाही, म्हणजे ३२ बिट विंडोज हवी. ३२ बिट विंडोज ७ यूईएफआयमधून बूटच होत नाही, म्हणजे लेगसी मोड हवा. आणि लेगसी मोड नव्या लॅपटॉपमध्ये नाही. लॅपटॉप खरेदी करण्यापूर्वी ही साखळी तपासली तर पैसे वाचतात. दहा वर्षांपूर्वीचा, वापरलेला पण सुस्थितीतला व्यावसायिक वर्गातला लॅपटॉप या कामासाठी नव्याकोऱ्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी उपयोगी ठरतो.

डिस्क जीपीटी पद्धतीची (यूईएफआयसाठीच्या नव्या पद्धतीने विभागलेली) आहे म्हणून इथे बसवता येत नाही, असा संदेश आला तर तो बिघाड नाही. पेनड्राइव्ह लेगसी मोडमध्ये बूट झाला आहे आणि डिस्क यूईएफआयसाठी विभागलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. दोहोंपैकी एक बदलावे. रूफस या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह तयार करताना एमबीआर (लेगसीसाठीची जुनी पद्धत) की जीपीटी हे आधीच ठरवून निवडले की हा घोळ होत नाही.

कोड काय सांगतात

कोडमधील सुरुवातीची शून्ये इथे गाळली आहेत. ०एक्स७बी म्हणजे ज्या डिस्कवरून बूट व्हायचे तीच विंडोजला दिसत नाही. बायोसमधील डिस्कचा मोड रेड किंवा आरएसटी (इंटेलचा स्वतःचा डिस्क मोड) असेल तर एएचसीआय करावा, आणि डिस्कचा ड्रायव्हर इन्स्टॉल.विममध्ये गेला आहे ना हे पाहावे. ०एक्सए५ म्हणजे लॅपटॉपचे एसीपीआय (वीज आणि हार्डवेअरची माहिती विंडोजला देणारे) फर्मवेअर आणि जुनी विंडोज यांचे जमत नाही. बायोसचा अपडेट उपलब्ध असेल तर तो करावा, मात्र चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली असतानाच. त्या भागात वीज दुरुस्तीसाठी बंद राहणार असल्याची सूचना आलेली असेल, तर त्या दिवशी नको. या कोडवर उपाय म्हणून बदललेली एसीपीआयची सिस्टिम फाइल इंटरनेटवर फिरत असते. कर्नलच्या गाभ्यातली फाइल अनोळखी माणसाकडून घेणे मला कधीच मान्य झालेले नाही.

०एक्स१२४ आला तर प्रोसेसर, व्होल्टेज किंवा तापमान यांकडे बोट जाते. ०एक्स१ए आणि ०एक्स५० हे मेमरीशी निगडित असतात, आणि दर वेळी वेगळाच कोड येत असेल तर मेमरीवरचा संशय आणखी पक्का होतो. फाइली उतरवताना ०एक्स८००७०५७० अशी चूक आली, तर आवश्यक फाइल खराब आहे किंवा सापडत नाही असा तिचा अर्थ असतो. आधी हॅश तपासावा, मग पेनड्राइव्ह बदलावा, आणि तरीही चूक राहिली तर पुन्हा मेमरी आणि डिस्कच तपासावी.

संगणक अनपेक्षितपणे रिस्टार्ट झाला, सेटअप पुढे जाऊ शकत नाही, असा संदेश तिसऱ्या टप्प्यात येतो आणि ओके दाबले की चक्र पुन्हा सुरू होते. रजिस्ट्रीतला एक आकडा बदलून सेटअपला काम पूर्ण झाल्याचे भासवण्याची युक्ती यासाठी सर्रास सांगितली जाते. तिने डेस्कटॉप दिसतोही, पण मधले जे काम अपुरे राहिले ते राहिलेच. त्याऐवजी लॉग वाचावा, ड्रायव्हर दुरुस्त करावा आणि पार्टिशन पुसून नव्याने बसवावे.

विंडोजचा दोषच नसेल तर

कोणताही पडदा न दाखवता लॅपटॉप झटकन बंद झाला, तर ते बहुधा तापमान किंवा वीज. ठाण्यात मे महिन्यात, पंख्याची जाळी धुळीने आणि कारखान्यातल्या तेलकट थराने बुजलेला लॅपटॉप सेटअपच्या अर्ध्या तासाच्या भाराखाली तापून बंद होणे यात नवल काहीच नाही. जाळी साफ करावी, थर्मल पेस्ट वाळलेली असेल तर बदलावी.

मेमरीसाठी मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून चालवावे. किमान एक फेरी पूर्ण होऊ द्यावी, शक्य असेल तर रात्रभर ठेवावे. एक जरी चूक दिसली तरी ती रॅम बाद समजावी, ‘एकच तर आहे’ असे म्हणू नये. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून पाहावे. त्याच वेळी प्रिंटर, डोंगल, बाहेरचा मॉनिटर असे सगळे काढून ठेवावे आणि बायोसमधून वायफाय, कार्ड रीडर, वेगळे ग्राफिक्स असल्यास तेही बंद करावे. सेटअप पार पडला की एकेक चालू करावे, दोन बदल एकदम करू नयेत.

एक्सपी आणि विंडोज १०

एक्सपीबद्दल थोडक्यात. तिच्यात एएचसीआयचा ड्रायव्हर नाही, म्हणून सेटअप सुरू होताच ०एक्स७बी येतो. बायोसमध्ये डिस्क आयडीई मोडला टाकता आली तर प्रश्न मिटतो. नाहीतर ड्रायव्हर एनलाइट या सॉफ्टवेअरने सीडीतच मिसळावा लागतो, कारण एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर देण्याची मूळ सोय आता कोणाच्या कामाची नाही. एसीपीआयमुळे ०एक्सए५ येत असेल तर एफ६ विचारले जाते त्याच क्षणी एफ७ दाबून पाहावे. या दोन्हींनी भागले नाही तर एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्येच ठेवावी.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे तीही आता जुन्यांत जमा झाली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या अनेक लॅपटॉपवर तिच्या सेटअपला डिस्क दिसत नाही, कारण डिस्क व्हीएमडी या इंटेलच्या डिस्क-कंट्रोलरच्या मागे असते. लॅपटॉपच्या उत्पादकाकडील आरएसटी ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवून ‘लोड ड्रायव्हर’ने द्यावा. बायोसमधून व्हीएमडी बंद केले तरी डिस्क दिसते, पण लॅपटॉपवर आधीची विंडोज ११ ठेवायची असेल तर ती त्या क्षणापासून निळ्या पडद्यावर अडकण्याचा धोका असतो.

बसल्यानंतर

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आहे. म्हणून असा लॅपटॉप इंटरनेटला जोडू नये. यंत्राला लागणारी केबल तेवढी लावावी, वायफाय बायोसमधूनच बंद ठेवावे आणि फाइली नेण्या-आणण्यासाठी एकच, स्कॅन केलेला पेनड्राइव्ह राखून ठेवावा. सगळे ड्रायव्हर आणि यंत्राचे सॉफ्टवेअर चालू झाल्यावर, त्याच दिवशी क्लोनझिला या सॉफ्टवेअरने संपूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. त्या प्रतिमेसोबत ड्रायव्हर घातलेला आयएसओ, बायोसच्या बदललेल्या सेटिंगचे फोटो आणि विंडोजची की असा संच ठेवावा, आणि त्याची एक प्रत कारखान्याच्या मालकाकडे लेखी यादीसह सोपवावी.